खेळण्यांचे परीक्षण (प्राथमिक शिक्षण)

बाजारात मिळणारी खेळणी हाताळून, शक्य तिथे खोलून, त्यांची रचना मुलांनी स्वतः तपासायची अशी अध्यापनपद्धती. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा विषय १९९० पासून आहे. २०१४ पासूनच्या आराखड्यानुसार पाच ते सात वर्षांची मुले तयार वस्तू पाहून त्यांविषयी मत देतात, तर सात ते अकरा वर्षांची मुले त्यांचे विश्लेषण करतात. स्वतःचे काही करायला घेण्याआधी दुसऱ्याने ते कसे केले आहे, हे बघायचे.

मोठ्या मुलांच्या वर्गात हालते खेळणे विशेष रंगते. खोक्यावर लाकडी पक्षी, बाजूला दांडा. दांडा फिरवला की पक्षी वरखाली होतो. खोके उघडण्यापूर्वी आत काय असेल त्याचे चित्र मुलांनी काढायचे. बहुतेक चित्रे चुकतात, आणि चुकावीतच. आत असते एक चकती (कॅम) आणि तिच्यावर टेकलेली काडी. आस मध्यापासून जरा बाजूला बसवलेली गोल चकती पक्ष्याला संथपणे वरखाली नेते. गोगलगायीच्या शंखासारखी चकती त्याला सावकाश चढवते आणि धपकन खाली सोडते. ही दुसरी चकती उलटी फिरवली तर काडी खाचेत अडकते. हे एकदा हाताला जाणवले की फळ्यावरच्या आकृतीची फारशी गरज उरत नाही.

खरी अडचण मूल्यमापनात येते. ‘आवडलं’ हे मुलांचे पहिले उत्तर. ते खोटे नसते, पण अपुरे असते. कारण तपासणारा नऊ वर्षांचा आणि खेळणारा दोन वर्षांचा असू शकतो. म्हणून खेळणे कोणासाठी, ते पडल्यावर टिकेल का, सुटा भाग तोंडात गेला तर काय, असे प्रश्न आधी ठरवून घेतात. शेवटच्या प्रश्नाला मोजमापच आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा सुटा भाग न दाबता ३१.७ मिमी व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावला, तर खेळणे नापास. भारतातही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे असल्याने खोक्यावर ते शोधणे हा सोपा गृहपाठ ठरतो.

भारतात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर खेळण्यांवर आधारित अध्यापनाला जोर आला, मात्र त्यात खेळणे बहुतेकदा दुसरा विषय शिकवण्याचे साधन असते. खुद्द खेळण्याची चिकित्सा कमीच होते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याची वाट दाखवली, ती या पद्धतीला जवळची आहे. वर्गात तपासायला महागडे काही लागतही नाही. जत्रेतल्या दाणे टिपणाऱ्या कोंबड्या पुरतात: फळीखालचा गोळा फिरला की दोऱ्या आळीपाळीने ताणतात, सैल पडतात आणि माना खालीवर होतात. एक दोरी सोडून पाहिली की कोणती कोंबडी उपाशी राहते, हे मुले लगेच सांगतात.