स्पोर्ट्स कारच्या पिढ्या

एकाच नावाने दीर्घकाळ बनत राहिलेल्या मोटारीच्या रचनेत मूलगामी बदल झाल्यावर सुरू होणाऱ्या कालखंडास ‘पिढी’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठीत ‘मॉडेल’ हा शब्द गाडीच्या नावाला आणि निर्मितीवर्षालाही लावतात. ‘चौऱ्याऐंशीचं मॉडेल’ म्हणजे १९८४ साली बनलेली गाडी, त्या साली सुरू झालेली पिढी नव्हे. अँबॅसडरच्या ‘मार्क २’, ‘मार्क ३’ या नावांमागे बव्हंशी दर्शनी जाळी व अंतर्भागातील फेरफार होते, त्यामुळे त्यांना पिढ्या म्हणणे सैलपणाचे ठरते.

पिढी कशावरून ठरवायची, या निकषाचा वाद शेवरोले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या बाबतीत सर्वाधिक ठळक आहे. सी-१ (१९५३–६२), सी-२ (१९६३–६७), सी-३ (१९६८–८२) ही विभागणी रूढ असली, तरी तिच्यात एकसूत्रता नाही. सी-१ ची बॉडी १९५६ आणि १९५८ मध्ये लक्षणीय बदलली, तरी चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) व मागचा अखंड अ‍ॅक्सल (मागील दोन्ही चाकांना जोडणारा आस) कायम राहिल्याने ती एकच पिढी मानतात. उलट सी-३ मध्ये सी-२ चेच चेसिस व मागील स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाकाला वेगळी, धक्के झेलणारी यंत्रणा) जवळपास तसेच राहून बॉडी नवी आली, तरी पिढ्या मात्र दोन. चेसिसचा निकष सर्वत्र लावल्यास १९६३ ते १९८२ हा एकच कालखंड ठरतो आणि तर्काला तेच अधिक धरून आहे. संग्राहकांचा व्यवहार मात्र बॉडीवर चालतो. आरंभीच्या पिढ्यांचे ‘सी’ क्रमांक मागाहून लावले गेले असावेत, असे सामान्यतः मानतात. १९८३ सालची गाडी विक्रीस आलीच नाही, म्हणून सी-४ चा आरंभ १९८४ पासून धरतात.

इंजिनाला या गणनेत दुय्यम स्थान आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत (ओतशाळेत) इंजिनाच्या भागाचा पॅटर्न (साचा घडवण्याचा नमुना) बदलला की माल नवा मानतात. परंतु कॉर्व्हेटमध्ये १९५५ साली सहा सिलिंडरांच्या जागी व्ही-८ (आठ सिलिंडरांचे) इंजिन आले, तरी पिढी तीच राहिली.

पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स कारमध्ये ‘जी’ हे अक्षर मुळात १९७४ या एकाच मॉडेल-वर्षाचे. आता ते १९८९ पर्यंतच्या सर्व गाड्यांना लावतात. त्यानंतर ९६४, ९९३ असे कारखान्याचे क्रमांकच पिढीची नावे झाले.

जॅग्वार ई-टाइप या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या तीन मालिका अधिकृत आहेत. १९६७–६८ मधील, दिव्यांवरील काच काढलेल्या गाड्यांना ‘मालिका दीड’ म्हणतात, ते हौशी मंडळींनी दिलेले नाव आहे.