स्वतःच्या वाहनाने सीमापार प्रवास (नागपूर)

स्वतःची मोटार किंवा मोटारसायकल चालवत परदेशी जाण्याचा प्रवासप्रकार. यात प्रत्येक सीमेवर दोन खिडक्या लागतात. इमिग्रेशनच्या खिडकीवर माणसाचा पासपोर्ट-व्हिसा पाहतात, कस्टमच्या खिडकीवर गाडीचे कागद. नवख्यांचे सगळे लक्ष पहिल्या खिडकीकडे असते. गाडे अडते ते बहुधा दुसरीपाशी.

श्रीनगर–कन्याकुमारी (४४) आणि हजिरा–पारादीप (५३) हे राष्ट्रीय महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. त्यामुळे निघायला दिशा हवी तेवढ्या आहेत, पण देशाच्या मधोमध असल्याने सीमा एकही जवळ नाही. सिवनी–जबलपूर–रीवा–प्रयागराज–गोरखपूर असे जाऊन सोनौलीचा नेपाळी नाका गाठायचा, तरी सुमारे हजार किलोमीटर होतात. एखादा कागद कपाटात राहिला तर तो आणायला मागे फिरणे परवडत नाही. म्हणून तयारी इथेच, निघण्याच्या बऱ्याच आधी उरकावी लागते.

पहिला सराव म्हणून नेपाळ उत्तम. भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रही चालते. गाडीला मात्र पलीकडे बेलहियाला भन्सार (सीमाशुल्क) भरून दिवसांच्या हिशेबाने परवानगीची चिठ्ठी घ्यावी लागते. मुक्काम वाढला आणि चिठ्ठीची मुदत उलटली की दंड. आपला मोटार विमा सीमेवर संपतो हेही अनेकांच्या ध्यानात नसते; नेपाळ, भूतान, बांगलादेशासाठी जादा हप्ता भरून त्याची भौगोलिक हद्द वाढवून घेता येते.

लांबच्या प्रवासात व्हिसांचा क्रम हाच खरा पेच असतो. ठरलेल्या तारखेला विमान उतरते, गाडी उतरत नाही. घाटात दरड कोसळली की पुढच्या साऱ्या तारखा हलतात. कझाकस्तानात भारतीयांना व्हिसाविना १४ दिवस राहता येते, पण त्या अवाढव्य देशात गाडी बिघडली तर १४ दिवस बघता बघता सरतात. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारा गट) कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात. ई-व्हिसा घेताना तो कोणत्या नाक्यांवर चालतो ती यादी आधी पाहावी. रशियाचा ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो. इराणने फेब्रुवारी २०२४मध्ये भारतीयांना दिलेली व्हिसामाफी फक्त विमानाने येणाऱ्यांसाठी होती, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये तीही स्थगित झाली. पासपोर्ट काढताना ३६ऐवजी ६० पानांचा मागावा. शिक्क्यांना आणि चिकटवलेल्या व्हिसांना पाने भराभर लागतात.

चालकासाठीचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून मिळतो. कार्यालय एमएच-३१चे असो, एमएच-४९चे की ग्रामीणचे एमएच-४०, मुदत एकच वर्षाची. चीन हा परवाना मानत नाही. तिथे तात्पुरता चिनी परवाना, तात्पुरती नंबरप्लेट आणि सोबत स्थानिक एजन्सीचा गाईड घ्यावा लागतो, आणि संपूर्ण सहलीतला सर्वांत मोठा खर्च बहुधा हाच ठरतो.

आता गाडीच्या पासपोर्टाबद्दल. कार्ने द पॅसाज, बोलीत नुसते ‘कार्ने’, हे सीमाशुल्काच्या हमीचे पुस्तक आहे. खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीसंबंधी १९५४ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर ते उभे आहे. गाडी देशात विकली जाणार नाही, परत जाईल. न गेल्यास शुल्क आम्ही भरू, अशी ग्वाही देणारी संस्था त्यामागे असते. त्यासाठी मालकाकडून गाडीच्या किमतीच्या प्रमाणात अनामत किंवा बँक हमी घेतली जाते, आणि इथेच अनेकांचा उत्साह मावळतो. गाडी कर्जावर असेल तर बँकेची एनओसी आणि दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचे अधिकारपत्र जोडावे लागते. पुस्तकाची मुदत एक वर्ष. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. प्रवेशाचा तुकडा आत शिरताना फाडतात, निर्गमनाचा बाहेर पडताना, आणि दोन्ही शिक्के बसलेला तिसरा भाग पुस्तकातच राहतो. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी त्याच देशात उरते आणि शुल्काची मागणी मागाहून घरी येते. नाक्यावर रात्र झाली, कारकून घरी गेला, तरी त्या शिक्क्यावाचून पुढे सरकू नये.

कार्नेवर इंजिन व चासी क्रमांकाबरोबर गाडीचा रंग, आसनांचे आच्छादन आणि स्टेपन्यांची संख्याही लिहिलेली असते. बॉनेट उघडून क्रमांक ताडून पाहणारे अधिकारी भेटतात. तेव्हा नवी सीट कव्हरे, कॅरिअर, जादा टायर ही हौस अर्ज करण्यापूर्वी भागवावी.

वाटा कायम उघड्या राहत नाहीत. मणिपूर आणि म्यानमार यांमधला मोरेह–तामू नाका ऑगस्ट २०१८मध्ये व्हिसाधारकांसाठी खुला झाला आणि थायलंडपर्यंतचा रस्ता आवाक्यात आला. म्यानमारमधील फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर तो भरवशाचा उरला नाही. पहलगाम हल्ल्यानंतर २०२५मध्ये पाकिस्तानकडे जाणारा पंजाबातला अटारी नाका बंद झाला. नेपाळमार्गे तिबेटकडे जाणाऱ्या रसुवागढीचा मितेरी पूल जुलै २०२५च्या पुरात वाहून गेला. त्यामुळे काही जण गाडी कंटेनरमध्ये घालून मुंबईहून दुबईला पाठवतात आणि चाके तिथून फिरवतात.

डिकीतला डबाही तपासला जातो. बाहेरून येणाऱ्याला युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे संत्रा बर्फी बाद. ताज्या संत्र्यांना वनस्पती-आरोग्य दाखला लागतो. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी सावजी मसाल्याची पुडी घरीच ठेवावी, कारण त्यात खसखस असते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते.