आयोवातल्या गावात आमचं एकच घर

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या आमच्या गावात नव्या माणसाला पहिला प्रश्न असे, ‘कुठल्या चर्चला जाता?’ आई खरं काय ते सांगे, की आम्ही हिंदू. समोरची बाई क्षणभर गोंधळे आणि म्हणे, ‘मग या रविवारी आमच्याकडे या.’ त्यात कुत्सितपणा नसे. आम्ही जातही असू. चर्चच्या तळघरातल्या जेवणात किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली हमखास असायची. शाकाहारी म्हणून आई तीच भरपूर वाढून घेई. जिलेटिन कशापासून बनतं, हे तिला फार उशिरा कळलं.

मैलोन्‌मैल मक्याची शेतं असलेल्या त्या गावात मिरजेत शिकलेला डॉक्टर पोचला कसा? ‘बाबांना नोकरी लागली’ हे आमच्या घरातलं उत्तर अपुरं आहे. १९४६ पर्यंत भारतीयांना अमेरिकेचं नागरिकत्व घेता येत नव्हतं. त्यानंतरही वर्षाला जेमतेम १०० भारतीयांना कायमचं स्थायिक होण्याची मुभा होती. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली, देशवार कोटे गेले आणि शिकलेल्या माणसांना दार उघडलं. त्याच वर्षी जुलैमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मंजूर झाला होता. म्हातारी माणसं आता उपचार घेऊ शकणार होती, पण उपचार करणार कोण? १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याच्या पैशांतून लहान गावांत इस्पितळं बांधून झाली होती. तिथे राहायला तयार असलेले डॉक्टर मात्र कमी होते, कारण अमेरिकन डॉक्टरांना शहर हवं असायचं. मग मुंबई-पुणे-मिरजेचे एमबीबीएस परदेशी डॉक्टरांसाठीची परीक्षा देत, शिकागो-डेट्रॉइटकडे रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळातलं प्रशिक्षण, करत आणि जागा रिकामी असेल त्या गावी जात. १९७६ मध्ये नव्या कायद्याने परदेशी डॉक्टरांसाठी हे दार बरंच बंद केलं. टंचाई काही संपली नाही. म्हणून १९९४ पासून प्रशिक्षणासाठी एक्सचेंज व्हिसावर आलेल्या डॉक्टरांना, गरजू भागात तीन वर्षं काम केल्यास, प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट माफ होऊ लागली.

आम्हाला वाटे, गावातले बाकी सगळे इथलेच, मुळापासूनचे. ते खरं नव्हतं. शेजारच्या आजी जर्मन घरातल्या. पहिल्या महायुद्धात, मे १९१८ मध्ये, आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनी शाळेत, चर्चमध्ये, आगगाडीत, इतकंच काय टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला बंदी घातली होती. गावातला एकसारखेपणा बराचसा असा घडवलेला होता. मिडवेस्टमधल्या, म्हणजे आयोवाच्या आसपासच्या राज्यांतल्या, कितीतरी गावांनी तर कृष्णवर्णीयांना सूर्यास्तानंतर थांबूच दिलं नव्हतं. हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही.

१९७९ च्या नोव्हेंबरात तेहरानमध्ये अमेरिकन ओलीस धरले गेले, तेव्हा शाळेच्या बसमध्ये मी काही दिवस इराणी होते. मराठी माणसं भेटायची ती शिकागोच्या मंडळात, गणपतीला, अख्खा दिवस गाडी हाकून.

तरी आमचं परकेपण सुखवस्तू होतं, हे मान्य करायला हवं. पुढे ऐंशीच्या दशकापासून मांसप्रक्रिया कारखान्यांनी युनियनने मिळवलेले जुने पगार पाडले आणि आयोवातल्या स्टॉर्म लेकसारख्या गावांत आधी लाओसचे निर्वासित, मग मेक्सिको नि मध्य अमेरिकेतले मजूर आले. आम्हाला गावाने वाट पाहून आणलं होतं. त्यांना कारखान्याने आणलं, तेही पगार कमी ठेवता यावा म्हणून. गावातल्या निम्म्या घरांतली बाळंतपणं बाबांच्या हातची, त्यामुळे वर्गात मला कुणी फार लागट बोललंच, तर संध्याकाळी त्याच्या आईचा फोन येई. डुकराचं मांस कापणाऱ्या पट्ट्यावर रात्रपाळीला उभ्या असलेल्या बापाच्या मुलासाठी असा फोन कोण करणार होतं?