मॉरीन ओ'हारा : 'प्रजाजन' की 'नागरिक'?

आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॉलिवूड अभिनेत्री मॉरीन ओ'हारा यांच्या चित्रपटांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. अमेरिकन नागरिकत्व घेताना जानेवारी १९४६ मध्ये त्यांनी घातलेला वाद मात्र एका किश्शापुरता उरला आहे.

१७ ऑगस्ट १९२० रोजी डब्लिनमध्ये फिट्झसिमन्स कुटुंबात त्यांचा जन्म झाला, तेव्हा आयर्लंडचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू होते. चौदाव्या वर्षी त्या डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटर या नाट्यसंस्थेत दाखल झाल्या. पण तिथल्या रंगमंचावर नाव होण्याआधीच चित्रपटाने त्यांना ओढून नेले, आडनाव बदलले आणि १९३९ मध्ये त्या हॉलिवूडला पोहोचल्या.

त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, शपथविधीच्या वेळी न्यायालयातील कारकुनाने त्यांची आधीची निष्ठा ब्रिटनशी असल्याची नोंद केली होती. जी निष्ठा आपण कधी बाळगलीच नाही ती सोडण्याची शपथ घेणार नाही, असे त्यांनी न्यायालयात ठणकावले आणि अखेर 'आयरिश' अशी नोंद करून घेतली. त्यामुळेच अमेरिकेने आयरिश राष्ट्रीयत्व प्रथम मान्य केले, असा दावा पुढे केला गेला. तो टिकत नाही. आयरिश फ्री स्टेटचा (म्हणजे तेव्हाच्या स्वशासित आयर्लंडचा) राजनैतिक प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये १९२४ पासूनच होता. खरा घोळ 'प्रजाजन' या शब्दात होता. १९३५ च्या आयरिश कायद्याने स्वतंत्र नागरिकत्व निश्चित केले आणि ब्रिटिश प्रजाजनत्वाचा संबंध तोडला; ब्रिटिश कायदा मात्र त्याच व्यक्तींना १९४८ च्या अखेरपर्यंत आपले प्रजाजनच मानत राहिला. म्हणजे तो कारकून अज्ञानी होता असे म्हणता येत नाही, आणि ओ'हारा हटवादी होत्या असे तर मुळीच नाही. दोन देशांचे कायदे एकाच बाईवर हक्क सांगत असताना आपण कोण आहोत हे तिनेच सांगणे मला सर्वस्वी योग्य वाटते. १९४६ मध्ये भारतीयही ब्रिटिश प्रजाजनच होते. त्यांना तर अमेरिकन नागरिकत्वाचा मार्ग जुलै १९४६ च्या कायद्यानंतरच, तोही वर्षाला शंभरांच्या कोट्यासह, खुला झाला.

आयर्लंड एप्रिल १९४९ मध्ये प्रजासत्ताक झाले आणि त्याच वेळी राष्ट्रकुलातूनही बाहेर पडले. तीन वर्षांनी आलेल्या 'द क्वाएट मॅन' या चित्रपटासाठी ओ'हारा चित्रीकरणाला मेयो परगण्यातील काँग या गावी आल्या, त्या अमेरिकन नागरिक म्हणून. तरीही पुढच्या पिढ्यांच्या मनात आयरिश स्त्रीची प्रतिमा बहुतांशी त्यांच्या या भूमिकेनेच घडवली. १९६० मध्ये त्या एका संगीत नाटकातून ब्रॉडवेच्या रंगमंचावर उतरल्या. १९७८ मध्ये वैमानिक पती चार्ल्स ब्लेअर यांच्या अपघाती मृत्यूनंतर कॅरिबियनमधील विमानकंपनीची धुरा त्यांनी सांभाळली. चित्रपटांपासून जवळजवळ दोन दशके दूर राहून १९९१ मध्ये त्या परतल्या. एकदाही ऑस्करचे नामांकन न मिळालेल्या या अभिनेत्रीला २०१४ मध्ये मानद ऑस्कर देण्यात आले. हा उशीर अक्षम्यच म्हणावा लागेल. उतारवयाचा मोठा काळ त्यांनी कॉर्क परगण्यातील ग्लेनगॅरिफमध्ये घालवला. २४ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेतील आयडाहो राज्यात त्यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पतीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.