खुराड्याभोवतीचे उंदीर आणि घुशी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात आल्या आल्या बहुतेक ग्राहक म्हणतात, "उंदराचं औषध द्या." औषध आमच्याकडे आहे. पण परसात कोंबड्या आहेत असं कळलं की आम्ही ते लगेच काढून देत नाही. आधी दोन गोष्टी विचारतो: रात्री खुराड्यात दाणा राहतो का? आणि जाळी कोणती लावली आहे? बऱ्याचदा दुखणं या दोन उत्तरांतच सापडतं. म्हणून हे पत्रकही त्याच क्रमाने लिहिलं आहे. आधी दाणा, मग जाळी, मग पिंजरा. विष सगळ्यात शेवटी, तेही लागलंच तर.

धुळे, जळगाव, नंदुरबारकडे घराच्या मागे पाच-पंचवीस गावरान, गिरिराज किंवा कडकनाथ पाळणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. हजारो पक्ष्यांच्या शेडचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

आधी चोर ओळखा

अंडं गेलं की नाव उंदराचं येतं, पण दरवेळी तो नसतो. अंडं पुरतं नाहीसं झालं, टरफलाचा तुकडाही नाही, तर सापाचा संशय घ्या. एका रात्रीत तीन-चार कोंबड्या मानेला चावून मारून टाकल्या असतील तर ते काम मुंगसाचं किंवा रानमांजराचं. कोपऱ्यात, गवताखाली फुटकी टरफलं सापडतात, पिल्लू अर्धवट ओढत बिळाच्या तोंडाशी नेलेलं दिसतं, रात्री बसलेल्या कोंबडीच्या पायाला कुरतडल्याच्या खुणा असतात, तेव्हा उंदीर किंवा घूस. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, त्यामुळे ती प्रतिकारही करत नाही.

उंदीर आणि घूस यांतही फरक करायला हवा. घूस जमिनीखालून येते. तिच्या बिळापुढे उकरलेल्या भुसभुशीत मातीचा ढीग असतो आणि तोंड पुष्कळदा मातीने बुजवलेलं असतं. मोठी घूस किलोभर वजनाची होते. काळा घरउंदीर मात्र वरून येतो: लिंबाच्या फांदीवरून, वायरवरून, पत्र्याखालच्या फटीतून. जुन्या धाब्याच्या घरात त्याचा मुक्काम छतातल्या लाकडांमध्येच असतो. एकासाठी खाली जाळी पुरायची, दुसऱ्यासाठी वरची फट बुजवायची, म्हणून हे आधी कळलेलं बरं.

चिचुंद्री या यादीत धरू नका. लांब सोंड, उग्र वास, भिंतीच्या कडेने चिरचिर करत पळणारी ही उंदराच्या कुळातली नाहीच. ती किडे आणि झुरळं खाते. अगदी कोवळ्या पिल्लांना तिच्यापासून जपावं लागतं हे खरं, पण तिच्यामागे दाण्यातलं विष लावून काही उपयोग नाही.

किती बिळं चालू आहेत हे पाहायची सोपी रीत आहे. संध्याकाळी सगळी बिळं ओल्या मातीने लिंपा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू, बाकीची जुनी. खुराड्याभोवती चुलीची राख पसरून ठेवली तर ये-जा कुठून होते तेही पावलांवरून समजतं.

दाणा: इथेच खरी मेख आहे

एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम दाणा खाते, म्हणजे दहा कोंबड्यांना किलो-सव्वा किलो लागतो. एक मोठा उंदीर रोज २० ते ३० ग्रॅम खातो. दहा उंदीर असले तर रोजचा पाव किलो त्यांच्या पोटात जातो आणि महिन्याला सात-आठ किलो तुम्ही त्यांच्यासाठी विकत आणता. लघवी आणि लेंड्यांनी नासलेला दाणा याच्या वर. त्यातूनच साल्मोनेलासारखे जंतू कोंबड्यांच्या खाण्यात जातात.

उंदीर रात्री खातो, कोंबडी रात्री खात नाही. मग रात्री दाणा ठेवायचा कोणासाठी? दिवस मावळला की भांडं उचलून घरात न्या. सांडलेला दाणा झाडून घ्या. सकाळी मूठभर ज्वारी-मका टाकायची सवय असेल तर कोंबड्या वीस-पंचवीस मिनिटांत संपवतील एवढीच टाका. संध्याकाळी अंगणभर बाजरी उधळणं बंद करा. आमच्या मते या पत्रकातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे, आणि ग्राहकांना नेमकी हीच पटवून द्यायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण तिच्यात विकत घ्यायचं काहीच नाही.

खाद्याची गोणी भिंतीला टेकून ठेवू नका. प्लास्टिकचा डबाही उंदीर कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे काही ना काही कुरतडणं त्याला भागच असतं. पत्र्याची, घट्ट झाकणाची कोठी हवी, तीही विटांवर उचलून. अंडी रोज संध्याकाळच्या आत गोळा करा. उन्हाळ्यात पाणीही पाहा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला टेकतो, तेव्हा उंदीर दाण्याइतकाच पाण्यासाठी येतो. गळका नळ, कूलरखाली साचलेलं पाणी, कोंबड्यांचं रात्रभर भरलेलं भांडं, सगळ्यांवर नजर ठेवा.

जाळी

बाजारात षटकोनी भोकांची जी "मुर्गा जाळी" मिळते ती कोंबडी आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. तार बारीक असते आणि भोकं मोठी. उंदराचं पिल्लू अर्ध्या इंचाहून जराशा मोठ्या फटीतून सहज जातं. लहान घरउंदराला पाव इंचाहून जराशी मोठी फटही पुरते.

खालच्या दीड-दोन फुटांना अर्धा इंची चौकोनी, वेल्ड केलेली, गॅल्व्हनाइज्ड जाळी लावा. कोंबडीची पिल्लं काढायची असतील तर त्या भागापुरती पाव इंची. वर मुर्गा जाळी चालेल, पण पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट मोकळी सोडू नका. जाळी घेताना गेज विचारा. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. नुसत्या बोटांनी दुमडणारी जाळी घूस फार दिवस टिकू देत नाही.

जमिनीचं काय? घूस जाळीच्या खालून उकरून येते. त्यासाठी जाळी भिंतीशी सरळ खाली पुरण्यापेक्षा बाहेरच्या बाजूला काटकोनात दुमडा, फूटभर रुंद पसरवा आणि चार-सहा इंच मातीखाली दाबा. घूस भिंतीलगत उकरायला लागते, खाली जाळी लागते, आणि फूटभर मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायचं तिला सहसा सुचत नाही. आमच्याकडच्या काळ्या, भेगाळणाऱ्या मातीत हे काम पावसाच्या आधी उरकावं, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, जमीन कोरडी असताना. पाऊस पडला की शेतातली बिळं पाण्याने भरतात आणि तिथले उंदीर घरांकडे सरकतात. ते यायच्या आत जाळी बसलेली हवी.

नवं खुराडं करत असाल तर दोनच प्रकार चांगले. एक तर खाली पक्का कोबा, नाहीतर जमिनीपासून दीड-दोन फूट उंच पायांवर उभं. चार-सहा इंच उंचीचं खुराडं मात्र टाळा. खाली अंधार, ऊब आणि वरून पडणारा दाणा, उंदरांना याहून चांगली जागा मिळत नाही. उंच खुराड्याच्या पायांना गुळगुळीत पत्र्याची उलटी चाडी (नरसाळं) बसवली की त्यावरून चढता येत नाही.

भिंतीतली भोकं नुसत्या मातीने किंवा चिंध्यांनी बुजवू नका. जाळीचा गोळा किंवा काचेचे तुकडे कोंबून वरून सिमेंट भरा.

पऱ्हाट्यांचा ढीग

खान्देशात हा विषय वेगळा काढावाच लागतो. कापूस वेचून झाला की जळणासाठी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, घराच्या मागे, बहुतेक वेळा खुराड्याला टेकूनच, रचल्या जातात. त्यात उंदरांची घरटी होतात. मार्चमध्ये गहू-हरभऱ्याची काढणी झाली की शेतात खायला उरत नाही, आणि तेव्हा हा ढीग त्यांना तयारच सापडतो. मादी दोन-तीन महिन्यांत वयात येते, गाभण राहिल्यावर २१ ते २३ दिवसांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं. तेव्हा दिवाळीतले दोन-चार उंदीर आखाजीपर्यंत किती होतील, हे ज्याचं त्याने धरावं.

पऱ्हाट्यांमध्ये गुलाबी बोंडअळीही दडून राहते, म्हणून कृषी विभाग त्या साठवू नका असं दरवर्षी सांगतो. जळणापुरत्या ठेवायच्याच असतील तर खुराड्यापासून लांब, दगडांवर उचलून ठेवा. कडबा, जुन्या विटा, मोडकी खाट, केळीची वाळलेली पानं, यांनाही तेच लागू. खुराड्याभोवती तीन-चार फूट जमीन उघडी आणि साफ असली पाहिजे. उघड्यावरून पळायला उंदीर कचरतो.

सापाचा मुद्दाही इथेच येतो. उंदीर आले की मागोमाग धामण येते, कधी नागही येतो. धामण बिनविषारी आहे आणि उंदीर खाते, तिला मारू नका. पण नाग नको असेल तर बिळं आणि ढीग नकोत.

पिंजरा आणि चाप

दहा-वीस कोंबड्यांच्या परसाला पिंजरा किंवा चाप पुरतो. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस पिंजरा उघडाच बांधून ठेवा आणि आत खाणं घालत राहा. तो निर्धास्त खायला लागला की मग लावा. भिंतीला लागून ठेवायचा, मोकळ्या अंगणात मधोमध नाही. खाणं कोरडं ज्वारीचं नको, ते त्याला बाहेर मिळतंच. शेंगदाण्याचा कूट, तेल चोपडलेला कळण्याच्या भाकरीचा तुकडा, सुका बोंबील, शिळं भजं, वासाचं काहीही. एकच पिंजरा महिनाभर लावण्यापेक्षा चार-पाच पिंजरे एका आठवड्यात लावलेले बरे. चाप लावाल तर खोक्यात किंवा पाइपात, कोंबडीचं डोकं आत जाणार नाही असा.

पकडलेला उंदीर गल्लीच्या टोकाला सोडून येणारे आहेत. तो परत येतो, किंवा शेजाऱ्याकडे जातो. शेजाऱ्याचा विषय निघालाच आहे तर, बिळं लिंपायचं काम दोन-चार घरांनी एकाच आठवड्यात करा, नाहीतर एका परसातले उंदीर दुसऱ्यात जातील इतकंच.

चिकट पाट्या आम्ही विकत नाही. त्यांना पिल्लं, सरडे, चिमण्या चिकटतात आणि उंदीर तासन्तास तडफडतो. "आवाजाचं यंत्र"ही ठेवत नाही. उंदीर त्या आवाजाला सरावतात.

विष, लागलंच तर

झिंक फॉस्फाइड, म्हणजे लसणासारख्या वासाची काळपट पूड, कोंबड्या असलेल्या परसात वापरू नका. दाण्यात मिसळलेलं ते विष कोंबडीही खाते. पोटात त्यापासून फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, बिळात टाकायला आमच्याकडे मागू नका. त्यांच्या विक्रीवर निर्बंध आहेत आणि घराजवळ त्या माणसाचा जीव घेतात.

सगळं करूनही उंदीर हटत नसतील तर ब्रोमॅडिओलोनची ०.००५ टक्क्याची तयार वडी, तीही कुलूपबंद आमिष-पेटीत (बेट बॉक्समध्ये), खुराड्याच्या बाहेर, मुलं आणि कोंबड्या पोचणार नाहीत अशा जागी. हे विष रक्त गोठू देत नाही. उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी "औषध नकली आहे" म्हणून परत आणू नका. कोंबड्या मेलेल्या उंदराला टोचतात, मांजर आणि घुबड तो खातात, आणि विष त्यांच्याही पोटात जातं. म्हणून रोज सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी परसात फेरी मारा. कोंबडीने वडी खाल्ली असेल तर तिची अंडी आणि मांस खाऊ नका, पशुवैद्यकाला दाखवा. कुत्र्याने खाल्ली तर लगेच न्या, या विषावर व्हिटॅमिन के-१ चा उपचार आहे. माणसाच्या पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका. वेष्टन घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठा.

मेलेला उंदीर हाताने उचलू नका. उंदीर थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात, आणि प्लेग त्यांच्यामार्फत माणसात येतो. १९९४ साली सुरतेत प्लेग आला तेव्हा तिकडून लोक घाबरून आपापल्या गावी परतले होते, जुन्या मंडळींना ते आठवत असेल. आधी फिनेल किंवा ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, हातमोजे घालून उचला आणि कोंबड्या-कुत्री उकरणार नाहीत इतकं खोल पुरा. पावसाळ्यात अनवाणी खुराडं धुवू नका. उंदराच्या लघवीने दूषित पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिस होतो.

दुकानात येताना

खुराड्याची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत लिहून आणा. बिळाचा आणि खुराड्याच्या खालच्या कडेचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. जाळी ३ आणि ४ फूट पन्ह्याची मिळते, फुटावर कापून देतो. बाहेर पसरायची फूटभर पट्टी मोजायला लोक विसरतात, ती धरूनच हिशेब करा. पिंजरे आठवडाभरासाठी भाड्यानेही मिळतील. परत आणताना गरम पाण्याने धुऊन आणावेत.