ऋणमुक्त जीवन (ख्रिस्ती)

कर्ज न काढता, किंवा काढलेले कर्ज वेळेत फेडून, उत्पन्नाच्या मर्यादेत राहण्याचा बायबलप्रणीत आचार.

बायबलच्या जुन्या करारात कर्ज काढण्यास सरसकट मनाई नाही, मनाई आहे ती गरीब स्वकीयाकडून व्याज घेण्यास (निर्गम २२:२५, लेवीय २५:३६). व्याजासाठीच्या ‘नेशेख’ या हिब्रू शब्दाचा संबंध ‘चावणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. दर सातव्या वर्षी ऋणे सोडावीत, असा नियम अनुवाद या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात आहे. पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी जमिनी मूळ मालकांना परत करण्याची तरतूद प्रत्यक्षात कितपत पाळली गेली, याविषयी अभ्यासक साशंक आहेत.

या आचाराचा मुख्य आधार रोमकरांस पत्र १३:८ हा असून, ते पत्र साधारणपणे इ.स. ५५ ते ५८ च्या दरम्यानचे मानले जाते. प्रीतीखेरीज कोणाचेही देणे ठेवू नये, असे त्या पत्राचा लेखक प्रेषित पौल तेथे सांगतो. ‘ओफेइलेते’ हे ग्रीक क्रियापद वर्तमानकाळी आज्ञार्थी असल्याने निषेध उसनवारीचा नसून देणे थकवण्याचा आहे, असे एक मत. तर कोणत्याही स्वरूपाचे कर्ज वर्ज्य आहे, असे दुसरे. ब्रिस्टलचे अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर यांनी १९ व्या शतकात दुसरे मत अक्षरशः आचरले. तथापि पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते: लगतच्या सातव्या वचनात कर व जकात ज्याची त्याला द्या असे सांगताना त्याच धातूपासूनचे नाम आले आहे, आणि उसने मागणाऱ्याला पाठ दाखवू नका, असे येशूने सांगितले आहे (मत्तय ५:४२), उसने घेणे हेच पाप असते, तर ही आज्ञा निरर्थक ठरती. मराठी भाषांतरातील ‘ऋणात राहू नका’ या शब्दयोजनेतील ‘राहू’ हा शब्द हाच भाव अचूक टिपतो.

मत्तय ६:१२ मधील प्रभूच्या प्रार्थनेत पापक्षमेसाठी ऋण सोडण्याचेच शब्द आहेत. त्यामागे ऋण आणि पाप असे दोन्ही अर्थ असलेला ‘होबा’ हा अरामी शब्द असावा. त्यामुळे ही प्रार्थना रोज म्हणणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाला ‘ऋण’ या शब्दात पितृऋणाहून वेगळा अर्थ ऐकू येतो.

१८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी म्यूलर यांचे आत्मकथन वाचले होते आणि केडगावचे मुक्ती मिशन चालवताना त्या प्रार्थना व देणग्यांवर विसंबल्या. मुंबईलगतच्या वसईत १९१८ मध्ये कॅथलिक सहकारी पतसंस्था उभी राहिली, ती सावकारी पाशावरचा व्यावहारिक उपाय म्हणून.

मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे येथील मूळ मराठीभाषक कॅथलिक, कुटुंबांत ‘उंबराचे पाणी’ या लग्नविधीपासून सुरू होणारे अनेक दिवसांचे लग्न, बँड आणि मांडवातली जेवणे यांसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते कधी कधी पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यापर्यंत चालतात. घरकर्ज मात्र येथील जागेच्या किमतींमुळे अनेक उपदेशक अपवाद मानतात. कर्ज असताना आधी दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, चर्चला द्यावा की हप्ता भरावा, याबाबत प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मतभेद आहेत. कॅथलिक धर्मग्रामांत दशांशाची सक्ती नसल्याने हा प्रश्न फारसा उद्भवत नाही.