अ‍ॅक्सेंचरचं नाव एन्रॉनमुळे बदललं? नाही!

‘अमेरिकन ऊर्जा कंपनी एन्रॉन बुडाली, तिची ऑडिटर आर्थर अँडरसनची अब्रू गेली, म्हणून अँडरसन कन्सल्टिंगनं घाईघाईनं अ‍ॅक्सेंचर नाव घेतलं’ ही कथा वर्षानुवर्षं फिरते आहे. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे एन्रॉन आपल्याला घरचीच, त्यामुळे ती लगेच पटतेही. पण तारखा बघा: अ‍ॅक्सेंचर हे नाव लागू झालं 1 जानेवारी 2001ला. एन्रॉननं दिवाळखोरी जाहीर केली 2 डिसेंबर 2001ला, म्हणजे अकरा महिन्यांनी.

खरं कारण भाऊबंदकी. 1989मध्ये अँडरसनमधले ऑडिट (आर्थर अँडरसन) आणि कन्सल्टिंग (अँडरसन कन्सल्टिंग) वेगळे झाले. ज्याचा नफा जास्त, त्यानं दुसऱ्याला वाटा द्यायचा असं ठरलं. देणारे कायम कन्सल्टिंगवाले! त्यात ऑडिटवाल्यांनी स्वतःचाही सल्ला-व्यवसाय थाटला. 1997मध्ये प्रकरण लवादाकडे गेलं. ऑगस्ट 2000च्या निकालानं कन्सल्टिंगवाले सुटले, पण ‘अँडरसन’ नाव वर्षअखेरपर्यंत सोडायचं होतं. नवं नाव ऑस्लोच्या ऑफिसातल्या एका कर्मचाऱ्यानं सुचवलं.

तेव्हा नाव गमावून कन्सल्टिंगवाल्यांना हरल्यासारखं वाटलं असेल, पण पुढे तेच पथ्यावर पडलं. 2002मध्ये एन्रॉनची कागदपत्रं फाडल्याच्या खटल्यात आर्थर अँडरसन दोषी ठरली. 2005मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला खरा, पण तोवर दुकान बंद झालं होतं.